उशाखालचा विळा

त्या दिवसांत माझा सगळा राग लोखंडावर होता.

१९३९ साली मी हैदराबादच्या एका खाण कंपनीत नोकरीला होतो. केदारखेड्याजवळच्या माळाखाली तांबं आहे का, याचा चुंबकाच्या यंत्रानं शोध घ्यायचा होता. तांब्याला चुंबक दाद देत नाही. पण त्याच्या सोबतीनं कधीकधी काळं खनिज असतं, त्यानं सुई ढळते. दर वीस पावलांवर तिपाई रोवायची, सुई पाहायची, आकडा लिहायचा. आसपास लोखंड नको, म्हणून खिळ्यांचे बूट काढून मी तापलेल्या दगडांवर अनवाणी चालत होतो.

पुंजाराम नावाच्या शेतकऱ्याच्या शेतातल्या घरापाशी सुई थरथरू लागली. नांगराचा फाळ, कुदळी, लोखंडी धावांची बैलगाडी, सगळं मी त्याला बांधापलीकडे न्यायला लावलं. तरी सुई ठरेना. माझं डोकं फिरलं.

"अजून काय दडवलंयस?"

"उशाखालचा इळा हाय, साहेब," पुंजाराम खाली मान घालून म्हणाला. "पोरगी बाळंतीण हाय. आज पाचवा दिस."

त्याची बायको झुंबरबाई दारात आडवी उभी राहिली. "त्यो न्हाई निघायचा. बारा दिस लेकराजवळ लोखंड पायजेच. न्हाईतर माळावरचं आत येतंय."

"एकेकाला तहसिलीत उभं करीन!" असं ओरडून मी तिला बाजूला सारलं आणि सरळ बाळंतिणीच्या खोलीत शिरलो. त्यांच्या लेकीनं, सोनूबाईनं, तोंड भिंतीकडे फिरवलं. लेकरू टाहो फोडत होतं. मी तिच्या उशाखालचा विळा ओढून काढला. चाळीस वर्षं झाली. त्या माणसाच्या, म्हणजे तेव्हाच्या माझ्याच, थोबाडीत द्यावीशी मला अजून वाटते.

पुंजाराम विळा घेऊन बांधापलीकडे गेला. सुई उत्तरेला, माळाच्या दिशेला स्थिरावली. मी आकडा लिहिला.

मग सुई हलली. पाच अंश सरकली, थांबली. पुन्हा पाच अंश, पुन्हा थांबली. कुणीतरी पावलं टाकत चालावं, तशी. मी टोकाच्या रोखानं पाहिलं. रणरणतं ऊन, रिकामा माळ. टोक घराकडे वळत होतं.

मी मूर्ख, आकडे लिहीत राहिलो. अकरा आकडे.

टोक दाराच्या रोखानं आलं.

थांबलं.

आतलं रडणं बंद झालं.

"पुंजाराम, विळा आण!" मी किंचाळलो. तो धावत आला. झुंबरबाईनं विळा हिसकावून उशाखाली सारला. लेकराचा श्वास चालू होता, डोळे उघडे होते. रडत मात्र नव्हतं.

"आता ठेवून काय उपेग?" ती माझ्याकडे पाहत म्हणाली. "जा, मोजा तुमचं तांबं."

बारशाच्या दिवशी मी तिथून तीनशे पावलांवर काम करत होतो. एवढ्या अंतरावरून विळाच काय, आख्खी बैलगाडीही यंत्राला जाणवली नसती. घरातून पाळण्याची गाणी ऐकू येत होती.

पाळण्याच्या लयीत सुई डावीकडे जाई, उजवीकडे येई, पुन्हा डावीकडे जाई. गाणं संपलं, तेव्हा घराच्या रोखानं थांबली.