बिनखिडकीच्या खोलीतली माणसं

दापोडीच्या पत्र्याच्या चाळीत इंद्रायणीनं शेवटच्या खोलीचं दार वाजवलं, तेव्हा श्रावणातली भुरभुर चालू होती आणि तिच्या वहीवर थेंब पडत होते. दार चार बोटं उघडलं. फटीत एक तरुण चेहरा, कपाळाला वर्कशॉपमधलं काळं तेल.

"सेवा मंडळाकडून आले. घरात कुणाला खोकला हाय?"

"नाही."

पण आत कुणीतरी खोकत होतं... दबून, तोंडावर पदर धरून.

"मग हे कोण?"

त्याचा चेहरा पडला. "माझी माय. बाई, नाव लिहू नका. चाळमालकाला कळलं तर उद्याच सामान रस्त्यावर येईल. आम्ही बीडचे, इथं आमचं कुणी नाही."

इंद्रायणी चिंचवड गावठाणातली, सातवी पास. कौशल्याबाईंचं मंडळ पोरांसाठी तालीम चालवी, माळावर श्रमदानातून कामगारांसाठी खोल्या बांधी, आणि घरोघर क्षयाचे रोगी हुडकून त्यांची तपासणी करवी. खोकणाऱ्याचं नाव वहीत घालणं एवढंच तिचं काम. त्या दिवशी तिनं ते घातलं नाही. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. त्याचे डोळे मात्र घरापर्यंत सोबत आले, आणि भीतीही.

मग पुढचे तीन महिने ती रोज जात राहिली. पदराखाली दोन अंडी, कधी दूध. त्या खोलीला खिडकी नव्हती. दिवसाही चिमणी लावावी लागे. म्हातारीजवळ बसताना इंद्रायणी श्वास जपून घेई आणि त्याची तिला लाजही वाटे.

म्हातारीचा तो मुलगा, ज्योतीराम, रविवारी माळावर विटा वाहायला येऊ लागला.

"खिडकी कुठल्या बाजूला ठेवू?" एकदा त्यानं भिंतीवरून विचारलं.

"मला काय इचारता? मी थोडीच ऱ्हाणार हाय?"

"तेच तर विचारतोय..."

तिच्या हातातली पाटी कलली. वाळू सगळी पायावर.

पुढच्याच सोमवारी म्हातारीच्या पदरावर रक्त दिसलं. इंद्रायणी पळत कौशल्याबाईंकडे गेली आणि रडत सगळं बोलून मोकळी झाली.

"रोज जात होतीस? आत बसत होतीस?" कौशल्याबाई हातातलं काम टाकून उठल्या. "अगं, नाव लपवून तू तिचे महिने घालवलेस. आणि तुझं काय?"

म्हातारी, ज्योतीराम आणि इंद्रायणी, तिघांचेही छातीचे फोटो पुण्यात काढले. निकालाला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत इंद्रायणीनं आपलं फुलपात्र वेगळं ठेवलं, धाकट्या भावाला जवळ येऊ दिलं नाही. घसा खवखवला तरी काळजात धस्स होई.

निकाल कौशल्याबाईंनी माळावरच सांगितला. म्हातारीला क्षय होता, पण इंजेक्शनांनी बरा होण्यासारखा. तयार झालेली पहिली खोली मंडळ त्यांनाच देणार होतं. इंद्रायणीची छाती साफ होती. ज्योतीरामच्या डाव्या फुप्फुसावर मात्र डाग होता.

कौशल्याबाई गेल्या. तो अर्ध्या भिंतीला टेकून उभा राहिला.

"आता इकडं येऊ नका," तो म्हणाला. "तुमच्या घरी कळलं तर..."

"कळलंय. काल मीच सांगितलं वडलांना."

"माझ्या मायचं?"

"व्हय. आन्... तुमचंबी."

त्यानं मान वर केली. "काय म्हणाले?"

"रातच्याला जेवलेबी न्हाईत. सकाळी एवढंच म्हनाले, निकाल कायबी लागू दे, पोरगा बरा झाला की घरी घेऊन ये."

"आणि नाही झालो तर?"

इंद्रायणी भिंतीवरची सुटी वीट सरळ करू लागली.

"मला भीती वाटते, इंद्रायणी."

पहिल्यांदाच त्यानं तिला नावानं हाक मारली.

"मलाबी," ती म्हणाली. "लई."

"वर्ष लागेल म्हणतात. तेवढं... थांबशील?"

"थांबंन. पर इंजेक्शन एकबी चुकवलं, तर याद राखा!"

तो हसला. हसता हसता खोकला आला, तशी त्यानं पाठ फिरवली, तोंडावर रुमाल धरला आणि दुसऱ्या हातानं तिला लांब जायची खूण केली. इंद्रायणी दोन पावलं मागं सरली. खोकला थांबेपर्यंत मात्र ती तिथंच उभी राहिली.