कॅमेऱ्याकडची कोळंबी

त्याने तो घास गिळला, तिथून ही गोष्ट सुरू होते. थुंकला असता तर त्याच्या पोटाला बरं वाटलं असतं, पण मग सांगण्यासारखं काही उरलं नसतं.

जाहिरातींचे फोटो काढायचा स्टुडिओ. टेबलावर काचेच्या पसरट भांड्यात मॅकरोनी, वर चीजचा सोनेरी थर, त्यातून डोकावणाऱ्या गुलाबी कोळंब्या. एका ओव्हनच्या जाहिरातीसाठी तिने सकाळपासून खपून ते सजवलं होतं. फोटोतलं खाणं देखणं करणं हेच तिचं काम. चमचा उचलला की चीजची लांब तार सुटावी म्हणून तिने त्यात कागद चिकटवायचा पांढरा डिंक कालवला होता. स्टुडिओत हे सगळ्यांना ठाऊक होतं. दिव्यांचं काम बघायला त्याच दिवशी रुजू झालेल्या माणसाला मात्र ठाऊक नव्हतं, आणि तो उपाशीपोटी आला होता.

ती ब्रश धुऊन वळली, तेव्हा चमचा त्याच्या तोंडात होता.

"कसं... आहे?" तिच्या तोंडून तेवढंच निघालं.

"छान!" तो कसाबसा चावत म्हणाला. "जरा चिवट आहे... पण छान."

"अहो, थुंका! डिंक आहे त्यात!"

त्याने घास गिळला. "गेला."

"पण का गिळलात?"

"तुम्ही बघत होतात ना..."

ती हसायला लागली. फोटोग्राफरने दोघांकडे रागाने बघितलं, तरी तिचं हसू थांबेना.

पुढे सगळे त्याला दिवेवाला म्हणू लागले. तो तिच्या प्रत्येक ताटाभोवती दिवा घेऊन फिरायचा, आणि ताटापेक्षा तिच्याकडेच जास्त बघायचा. बघताना पकडला गेला की उगाच दिव्याचा स्क्रू पिळायचा. तीही काही कमी नव्हती. नुसत्या सूपच्या वाटीला तीन-तीनदा "उजेड जरा डावीकडून हवा" म्हणायची.

"खरी मॅकरोनी कधी मिळणार?" तो विचारायचा. "की तुमच्याकडे सगळं डिंकाचंच?"

"आधी पहिली पचू दे."

असं छान चाललं होतं. मग एक दिवस, ती चिमट्याने भातावर मटार ठेवत असताना, तो शेजारी येऊन उभा राहिला. आज दिवा हातात नव्हता.

"मला बोलावणं आलंय... दुसऱ्या शहरातून. मोठा स्टुडिओ आहे, कायमची नोकरी. शनिवारपर्यंत कळवायचंय." तो थांबला. "तुम्हाला काय वाटतं?"

"छान," ती म्हणाली. "अभिनंदन."

हे धडधडीत खोटं होतं. तिला तो हवा होता, रोज, दिव्यासकट. पण एखाद्याच्या पोटापाण्याच्या आड कसं यायचं, म्हणून ती मटार मांडत राहिली. तो जायला वळला, तेव्हा मात्र तिला राहवलं नाही.

"शनिवारी दुपारी जेवायला या. खरी मॅकरोनी."

जेवता जेवता 'जाऊ नका' म्हणायचं, असं तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

शनिवारी सकाळी तिने स्वयंपाकघराचा ताबा घेतला, तेव्हा आत्या दारातच थबकली. दोघी एकत्र राहत, आणि चुलीशी संबंध फक्त आत्याचा असे.

"जन्मभर खाण्याचंच काम करतेस आणि घरात चहासुद्धा मी करते. आज सूर्य कुठून उगवला?"

"आत्या, तू बाहेर बस बघू."

"मीठ घाल हो. फोटोत लागत नाही, तोंडात लागतं."

तिने लोण्यात मैदा परतला. त्यात गरम दूध थोडं थोडं घालत, एकही गुठळी होऊ न देता ढवळत राहिली. गॅस बंद करून किसलेलं चीज घातलं. कोळंब्या साफ करून लसणावर जेमतेम रंग बदलेपर्यंत परतल्या. मग मॅकरोनी, सॉस, कोळंबी असं सगळं भांड्यात रचलं, वर पावाचा चुरा भुरभुरला आणि भांडं ओव्हनमध्ये सरकवलं. कडा खदखदू लागल्या, घरभर वास सुटला. बाहेर बारीक पाऊस होता. तो भिजलेले बूट दारात काढून आत आला आणि त्या वासानेच त्याचा चेहरा सैलावला.

आत्या वाढून घेऊन आतल्या खोलीत गेली. दोघं समोरासमोर बसली, मध्ये भांडं. त्याने आपल्या बाजूने वाढून घेतलं. एक घास खाल्ला, मग दुसरा.

"छान झालंय," तो म्हणाला.

तिने चमचा खाली ठेवला. "तुम्हाला डिंकसुद्धा छान लागला होता. खरं सांगा."

"खरंच छान आहे. फक्त..."

"फक्त काय?"

"कोळंबी घालायची राहिली का?"

तिने भांड्याकडे बघितलं. सगळ्या कोळंब्या तिच्या बाजूला, शेपट्या वर करून, ओळीने. त्याच्या बाजूला एकही नाही. इतक्या वर्षांची सवय! कॅमेरा ज्या बाजूला, तेवढीच बाजू सजवायची, मागचं कोण बघतंय? हाताने आपलं काम चोख केलं होतं आणि पाहुण्याला मागे बसवलं होतं. ती कानापर्यंत लाल झाली. तो हसत होता, पण आवाज न करता.

"आणि तुम्ही गपचूप खात बसलात?"

"दोनदा वाढून घेतलं असतं. तुमचं मन कशाला मोडायचं?"

"मोडा की एकदा! असं छान, छान म्हणत राहिलात तर मला कळणार कसं काही? मीही परवा खोटंच बोलले. छान नाहीये ते बोलावणं. मला नाही आवडलं. तू जाऊ नकोस."

अहोजाहो कुठल्या कुठे गेलं.

"सकाळीच होकार कळवला मी," तो हळूच म्हणाला. "तू छान म्हणालीस... वाटलं, तुला काहीच नाही."

आतल्या खोलीत आत्याचा चमचा थांबला. मग त्याने खिशातून फोन काढला.

"साहेब, मीच... सकाळचा होकार मागे घेतोय. माफ करा, नाही जमणार." पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं आलं. "हो, कारण आहे ना. लग्न ठरतंय माझं."

त्याने फोन खाली ठेवला. तिने डोळे पुसले.

"कुणाशी?"

"ते अजून विचारायचंय."

आतून आत्याचा आवाज आला, "विचारून टाका हो. मी ऐकत नाहीये."

त्याने विचारलं. ती हो म्हणाली, तेही इतक्या मोठ्याने, की आत्याला ऐकायचं नसतं तरी ऐकू गेलं असतं.