भोपळ्याला बांधलेला शर्ट

"माझी फुलं! अहो, माझी फुलं तुमच्या पेल्यात काय करताहेत?"

सकाळी सकाळी गच्चीच्या कठड्यावरून कुणी असं ओरडलं, तर माणूस दचकेल नाही तर काय! खालच्या बाल्कनीत दात घासत उभा असलेला नवा भाडेकरूही दचकला. त्याने वर पाहिलं. तोंडात ब्रश, गालाला फेस आणि शेजारच्या टेबलावर काचेच्या पेल्यात भोपळ्याची पिवळीजर्द फुलं...

ओरडणारी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. सगळी इमारत तिला चष्मेवाली म्हणायची. तिच्या स्वतःच्या नाकावर चष्मा नव्हता, राग मात्र असायचा. ती आणि तिची आत्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहायच्या, आणि गच्चीवर जुन्या बादल्यांत, फुटक्या टबांत, लाकडी खोक्यांत त्यांची बाग होती. वांगी, टोमॅटो, घेवडा, पालक. दोघींना पुरून उरेल तेवढं पिशव्यांत भरून ती शेजाऱ्यांच्या दारांच्या कड्यांना अडकवून यायची. संध्याकाळी त्याच भाज्या शिजून, वाफाळत्या वाडग्यांतून वर यायच्या. शिंपीणकाकूंची भरली वांगी, पोस्टमनकाकांचं घट्ट टोमॅटोचं सार. कुणी दिलं तर ती आनंदाने खायची, पण आपण होऊन कधी कुणाकडे चिमूटभर मीठही मागितलं नव्हतं. देताना हात सैल आणि मागताना जीभ जड, असा तिचा स्वभाव.

खालच्या माणसाने चूळ भरली. "तुमची वेलच खाली आली. दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या शर्टाच्या खांद्यावर हात टाकून उभी होती. आता आलेल्या पाहुणीकडून दोन फुलं घेतली, तर..."

"दोन? सगळी तोडलीत!"

"सगळी नाही हं. नीट बघून तोडली. ज्यांच्या मागे इवलासा भोपळा दिसतोय, ती ठेवली. बाकीची नुसती दांड्यावर होती... बिनकामाची."

"बिनकामाची?" ती कठड्यावरून आणखी वाकली. "अहो, ती नरफुलं होती! ती नसतील तर त्या इवल्या भोपळ्यांचं व्हायचं कसं? त्यांचं... म्हणजे..."

त्याच्या डोळ्यांत हसू उगवलं.

"म्हणजे मी सगळे नवरदेवच पळवले म्हणा की."

तिचे कान तापले. पण रागावत बसायला वेळ नव्हता. त्याच्या बाल्कनीत लोंबणाऱ्या वेलीवर त्या मोसमातलं पहिलं मादीफूल उमललं होतं, आणि ते एका सकाळपुरतंच उघडतं. इतक्या उंचावर मधमाश्या क्वचितच फिरकतात. वर आभाळही भरून आलेलं. ती तशीच, पायांत दोन वेगवेगळ्या चपला घालून, जिना उतरली.

त्याने दार उघडलं तेव्हा भुरभुर पाऊस सुरू झाला होता.

"छत्री आहे?"

"आहे. पण तुम्ही तर आत..."

"मला नाही, फुलाला! आत पाणी गेलं की संपलं."

त्याने मुकाट्याने छत्री उघडून फुलावर धरली. स्वतः पावसात राहिला. तिने पेल्यातलं एक फूल घेतलं, पाकळ्या मागे सोलल्या आणि आतला पिवळा दांडा मादीफुलाच्या गाभ्यावर हलकेच फिरवला. एकदा... पुन्हा एकदा. दोघंही श्वास रोखून बघत होते. त्याच्या केसांतून पाणी निथळून तिच्या मनगटावर पडत होतं, आणि तिने हात मागे घेतला नाही.

"झालं?" त्याने कुजबुजत विचारलं.

"बघू. आठवड्याभरात कळेल."

"तोवर मी रोज विचारपूस करत जाईन. वरपक्ष आहे शेवटी."

आठवडा उलटला. बाकीची फुलं गळून गेली, पण ते एक मात्र धरलं. मुठीएवढं झालं, मग नारळाएवढं. वेल वर आणि भोपळा खाली, त्याच्या बाल्कनीत अधांतरी. देठ तुटेल या भीतीने त्याने आपला निळा शर्ट भोपळ्याखाली झोळीसारखा बांधला आणि बाह्यांची कठड्याला गाठ मारली.

"आवडता शर्ट होता," तो म्हणाला.

"मग दुसरा बांधायचा."

"आवडत्या माणसांच्या भोपळ्याला नावडता शर्ट? शोभत नाही ते."

ती घेवड्याच्या शेंगांची पिशवी त्याच्या हातात कोंबून वर पळाली.

आत्या सगळं बघत होती. "पहिल्या दिवशी विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं तुमचं. आता विळा कुठे गेला गं?"

"आत्या, पुरे!"

तो नदीवरच्या नव्या पुलावर काम करायचा. बोल्ट घट्ट आहेत की नाहीत हे तपासायचा. आत्या त्याला पूलवाला म्हणायची. भोपळा पिकेल त्याच सुमाराला पूल सुरू होणार होता आणि त्याचं इथलं काम संपणार होतं. हे त्याने बोलता बोलता सांगितलं, आणि तेव्हापासून भोपळा जरा हळू पिकला तर बरं, असं तिला वाटू लागलं. रोज पाणी घालायची तीच, आणि वाढू नको म्हणायचीही तीच.

एके दिवशी तो दुकानात येऊन तपासणीच्या खुर्चीत बसला.

"सर्वांत खालची ओळ वाचा," ती म्हणाली.

"दिसत नाही."

"का?"

"मध्ये कुणीतरी उभं आहे... आणि मला ते हटवायचं नाही."

ती चटकन बाजूला झाली. त्याने ओळ घडाघडा वाचून दाखवली. "डोळे ठणठणीत आहेत तुमचे," ती शक्य तेवढ्या कोरड्या आवाजात म्हणाली.

"मग मला नरफुलं कशी ओळखता आली नाहीत?"

"तो डोळ्यांचा दोष नव्हे."

तो हसला. मग खुर्चीच्या हातावर बोटं फिरवत म्हणाला, "पुलाच्या देखभालीला कायमचा एक माणूस लागतो. मला विचारलंय. पंधरा दिवसांत सांगायचंय. इथे कुणी... म्हणजे कुणी थांब म्हणालं असतं, तर..."

बोलायची हीच वेळ होती. तिलाही ते कळलं. आणि तिने काय करावं? "अभिनंदन," म्हणाली, आणि टेबलाखालून टोमॅटोंची पिशवी काढून त्याच्या पुढ्यात ठेवली! तो पिशवी घेऊन निघून गेला. दार बंद झाल्यावर तिने कपाळावर हात मारून घेतला.

"टोमॅटो दिलेस?" रात्री जेवताना आत्याने विचारलं. "माणूस मन मोकळं करतोय, आणि तू मूग गिळून टोमॅटो देतेस?"

"मला नाही जमत मागायला. नाही म्हणाला तर?"

"तर घेवडा घालून आमटी करू आणि दोघी रडत रडत जेवू. पण न मागता रडलीस, तर मी तुला वाढणार नाही."

भोपळा शेवटी पिकलाच. कितीही समजावलं तरी फळ कुणाचं ऐकतं? केशरी, भला थोरला, एका माणसाला उचलवेना. त्या संध्याकाळी सगळी इमारत गच्चीवर जमली. मोठ्या पातेल्यात भोपळ्याचं सूप रटरटत होतं, वर मिरपूड आणि लसणाचा खमंग वास. शिंपीणकाकूंनी पाव भाजले, पोस्टमनकाका चव बघायच्या नावाखाली दोन वाट्या पिऊन बसले. दूर नदीवर नव्या पुलाचे दिवे लागले होते. सकाळी त्याला उत्तर द्यायचं होतं.

ती खोलीत जाऊन त्याचा निळा शर्ट घेऊन आली. धुतलेला, इस्त्री केलेला, वेलीने उसवलेला खिसा पुन्हा शिवलेला. कठड्याजवळ तो एकटाच उभा होता.

"तुमचा शर्ट..."

"अरे वा! नव्यासारखा केलात." त्याने हात पुढे केला. त्याने एक बाही धरली, दुसरी तिच्या हातात होती. त्याने हलकेच ओढली. तिने सोडली नाही.

"काय झालं?"

"हा मी देणार नाही."

तो गोंधळला. या बाईने आजवर त्याला पालक दिला, घेवडा दिला, वांगी दिली, टोमॅटो तर नको तेव्हा दिले. नाही म्हणायची तिची ही पहिलीच वेळ होती.

"मला काहीतरी हवंय," ती म्हणाली. तिने नजर खाली नेली नाही. "मी कधी कुणाकडे काही मागितलं नाही, त्यामुळे नीट मागता येणार नाही... तू थांब. पुलासाठी नको. माझ्यासाठी थांब."

मागे पातेल्यात डाव खडखडत होता. आत्याच्या हातातला तो डाव अचानक थांबला. सगळी गच्ची कान टवकारून बसली होती, हे त्या दोघांना तेव्हा कळलं नाही.

तो बाहीच्या आधाराने एक पाऊल पुढे आला, मग आणखी एक. आता शर्ट दोघांच्या मधोमध सैल पडला होता.

"किती दिवस वाट बघतोय मी," तो हळूच म्हणाला. "टोमॅटो खाऊन खाऊन कंटाळलो." मग त्याने आपल्या हातातली बाही तिच्या तळहातावर ठेवली आणि तिची मूठ मिटली. "ठेव हा तुझ्याकडेच. पुढच्या वर्षीच्या भोपळ्याला लागेल."