तिरका काप

"पाच वाजता मला या कागदावर सही करायचीय," गाड्यांची इंजिनं ट्यून करणारी मुलगी म्हणाली. "चूक माझी, असं लिहिलंय त्यात. मग या धंद्यात मला कोणी दारात उभं करणार नाही."

वहिनींनी कागद वाचला. खासगी तपासात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. सोबतचे भावोजी, म्हणजे त्यांचे धाकटे दीर, निवृत्त शिक्षक. त्यांना प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागे.

प्रकरण असं होतं. एका दंतवैद्याच्या स्पोर्ट्‌स कारमधला मूळ कॉम्प्युटर काढून मुलीने दुसरा बसवला होता. तीन महिने खपून जुळवला. काल सकाळी पहिल्याच सुसाट चाचणीत पिस्टन वितळला.

"किती पेट्रोल द्यायचं ते हा डबा ठरवतो," तिने लॅपटॉप उघडला. "मी आकडे चुकवले म्हणतात. हे गॅरेज चालवणारे माझे मामासुद्धा."

"या रेघा कसल्या?" वहिनींनी विचारलं.

"ही अ‍ॅक्सिलरेटरची, पूर्ण वर. ही टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेच्या दाबाची. अर्ध्यावरच अडकलीय. डब्याला वाटलं हवा कमी आहे, त्याने पेट्रोलही कमी दिलं, आणि कमी पेट्रोलवर इंजिन भाजून निघालं. दाब त्याला एका बारीक रबरी पाइपातून कळतो. काल रडत रडतच मी तो फुंकून बघितला. मोकळा होता हो!"

तिघं गॅरेजात आली. बॉनेटखालचे सगळे पाइप काजळलेले होते, फक्त त्या बारीक पाइपाचा वीतभर तुकडा चकचकीत. वहिनींनी त्याचं टोक उपसून पाहिलं आणि गुपचूप परत बसवलं.

"पाइप कसा कापतेस गं तू?"

"सरळ. तिरक्या कापातून दाबाखाली हवा गळते."

वहिनी भंगाराच्या डब्यावर वाकल्या. रबराचा एक जुना तुकडा उचलून त्यांनी पर्समध्ये टाकला. त्याच्या मधोमध गोल खाच होती.

दंतवैद्य वैतागलेलाच होता. "मी दात काढतो, बाई. बॉनेटचा खटका कुठे असतो तेही मला माहीत नाही."

चाचणीच्या ड्रायव्हरने दोन्ही हात पुढे केले, मनगटापर्यंत बँडेज. "पिस्टन गेल्यावर तापलेलं बॉनेट उघडलं. कालपासून बायको भरवतेय मला."

मामा, गॅरेजचे उस्ताद, कोपऱ्यात जुन्या, कॉम्प्युटर नसलेल्या कार्बोरेटरच्या गाडीचे पाइप बदलत होते. भाचीला त्यांनीच लहानाची मोठी केली होती. भावोजींचा प्रश्न त्यांनी दोनदा विचारायला लावला. भावोजींना जरा बरं वाटलं.

"पाइप चिमटला तर काय होतं?"

"गाडी रेंगाळते. मालक कटकट करतो. बास! पस्तीस वर्षं कानाने इंजिन लावतोय मी."

भावोजींनी एक पाइप उचलला. "टोक किती अणकुचीदार हो!"

"तिरकं कापलं की झटकन चढतं."

पावणेपाचला वहिनींनी सगळ्यांना गाडीभोवती बोलावलं. अंगठी घातल्यासारखी खाच पडलेला तुकडा बॉनेटवर ठेवला.

"चाचणीआधी कोणीतरी या पाइपावर प्लास्टिकची पट्टी आवळली, म्हणून डब्याला खोटा दाब कळला. पिस्टन वितळल्यावर तो भाग कापून नवा तुकडा जोडला, म्हणून पाइप मोकळा सापडला. ड्रायव्हरचे हात तेव्हापासून बँडेजमध्ये आहेत. डॉक्टरांना बॉनेट उघडता येत नाही. पण तो त्यांचा शब्द, मी धरत नाही. मी धरते हे टोक."

त्यांनी चकचकीत तुकडा उपसला. काप तिरका होता.

"भाची असा कापत नाही. असा कापणारा इथे एकच आहे."

"पण मामा इंजिन कशाला जाळतील?" भावोजी म्हणाले.

"जाळायचं नव्हतंच. कार्बोरेटरची गाडी नुसती रेंगाळली असती. डॉक्टर चिडले असते, डबा काढा म्हणाले असते. या डब्याची गाडी रेंगाळत नाही, उपाशी धावते, हे मामांना ठाऊक नव्हतं."

मामा स्टूल ओढून बसले. "वाटलं, डबा जाईल आणि पोरगी पुन्हा माझ्या हाताखाली येईल."

"नको म्हणायचं होतंत ना मला!" भाची ओरडली.

"काय सांगून नको म्हणू? मला आता इंजिन ऐकू येत नाही, हे?"

मामांनी कागद ओढला, तिच्या नावावर काट मारून स्वतःचं लिहिलं आणि सही केली. तेव्हा पाच वाजायला तीन मिनिटं होती.

भाची हळूच काहीतरी म्हणाली.

"काय?" मामांनी कान पुढे केला.

ती जवळ गेली नाही, पुन्हा म्हणालीही नाही. तिने नवा पाइप घेतला, सरळ कापला आणि बसवायला वाकली.