बाहीवरचा कच्चा दोरा

देवळापुढच्या जुन्या बाजारात मी एका अनोळखी पुरुषाची बाही धरली, हे आमच्या किर्यू गावात मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

पण माझा काय दोष? नव्या कोऱ्या किमोनोच्या बाहीवर कच्च्या शिलाईचा पांढरा दोरा तसाच! पहिल्यांदा अंगावर चढवण्याआधी तो ओढून काढायचा असतो. मी किमोनो शिवते. असं काही दिसलं की माझा हात गप्प बसत नाही.

“दोरा राहिलाय,” मी म्हणाले.

“मग काढा ना...” तो म्हणाला आणि हात पुढे करून खुशाल उभा राहिला. बारीक पाऊस भुरभुरत होता. मी जरा जास्तच वेळ लावला.

त्याचं नाव तोमोया. टोकियोत जुने किमोनो कापून कोट शिवायचा, मुली ते जीन्सवर मिरवायच्या. ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“किमोनो कापता? अहो, सगळ्या सरळ पट्ट्या असतात. उसवा, जोडा, पुन्हा अख्खं ठाण तयार! आईचा लेकीला होतो. कात्री लागली की संपलं.”

“आणि पेटीत कसर लागते, ते चालतं का, मास्तरीणबाई?”

मग तो दर महिन्याच्या बाजाराला येऊ लागला. आम्ही भांडत भांडत हिमोकावा खायचो. त्या शेवया तळहाताएवढ्या रुंद.

“या तरी तोडू देशील,” तो विचारायचा, “की अख्ख्याच गिळायच्या?”

मला हसू यायचं. ‘अहो’चं ‘अरे’ कधी झालं, कळलंच नाही.

शरद ऋतूत त्याने माझ्या आईचा जांभळा किमोनो मागितला. आई जाऊन वर्ष झालं होतं.

“तुझ्यासाठी कोट करतो. आवडला तर तो घालून टोकियोला ये... कायमची.”

“आणि नाही आवडला तर?”

“नको येऊस. मी समजेन.”

“कात्री लावलीस ना, तर तोंड दाखवू नकोस!”

तो नुसता हसला. मी किमोनो दिला.

हिवाळ्यात पुडकं आलं. मी वरूनच हात फिरवला. किमोनोची घडी कशी पातळ, सपाट असते, ते माझ्या बोटांना झोपेतही कळतं. हे पुडकं मधोमध फुगलेलं होतं. कापलं मेल्याने! मी गाठसुद्धा सोडली नाही. पुडकं पेटीच्या तळाशी गेलं, आणि मी टोकियोला गेले नाही. त्याचा फोन आला, तो उचलला नाही.

तीन वर्षं गेली. परवा कोरडी हवा पडली म्हणून सगळे कपडे वाऱ्याला काढले. ते पुडकंही निघालं. म्हटलं, बघू तरी, आईची काय चिंधी केलीय ती.

कोट सुरेख होता. मी आत हात घातला... आणि कोट उलटा करून उजेडात धरला. त्याने कुठेच कापलं नव्हतं. पट्टी न् पट्टी अख्खी, जास्तीचं सगळं कापड आत दुमडून, हलक्या हाताने शिवलेलं. म्हणून तर ते पुडकं फुगलं होतं! बाहीवर पांढरा दोरा.

मी फोन लावला.

“तोमोया... आज उघडलं रे.”

“आज?” त्याने विचारलं.

“जाड लागलं हाताला. मला वाटलं, कापलंस.”

“न कापल्यामुळेच जाड झालं, मास्तरीणबाई,” तो हळूच म्हणाला. मागून एका बाईने त्याला जेवायला हाक मारली. “आलो गं!” म्हणाला, आणि मग मला, “वसंतात लग्न झालं माझं.”

“बरं झालं,” मी म्हणाले. बरं काहीच झालं नव्हतं.

“दोरा काढलास का?”

“नाही.”

“काढ हं. नाहीतर बाजारात एखादी अनोळखी बाई येऊन बाही धरेल.”

आम्ही दोघं हसलो. फोन ठेवल्यावर मी रडले, चांगली हमसून हमसून. एक गाठ सोडली असती तर!

मग उठले आणि दोरा ओढला. त्याने टाके इतके सैल घातले होते की एका दमात निघून आला. मी कोट घातला. त्याने कधी माप घेतलं नव्हतं, तरी मला तो अगदी नेमका बसला.