सरसात अडकलेला सम्राट

फ्रेम बनवणारा एक तरुण संग्रहालयाच्या भिंतीत खिळे ठोकून परत निघाला होता; इतक्यात एका अर्धवट उघड्या दारातून हाक आली.

"अहो हातोडीवाले! हात स्वच्छ आहेत का तुमचे?"

त्याने तळहात पाहिले. "धुतले तर होतील."

"मग धुवा आणि या. माझी मदतनीस आजारी पडलीय, मला दोन हात कमी पडताहेत."

बोलणारी तरुणी जुन्या कागदांची दुरुस्ती करीत असे. कपाळावरची बट ती ओल्या मनगटाने मागे सारी, आणि ती बट पुन्हा तेथेच येई... त्याचे चित्त थाऱ्यावर राहिले नाही. परंतु पुढच्याच क्षणी त्याची दृष्टी टेबलावरील पसरट ट्रेकडे गेली.

पाण्याखाली एक कोरीव छापचित्र होते. एका विख्यात सम्राटाच्या मृत्यूनंतर त्याच्या चेहऱ्याचा साचा घेऊन जो मुखवटा बनवला गेला, त्याचे ते चित्र. मिटलेल्या पापण्या, खोल गेलेले गाल, सारे केसाएवढ्या बारीक रेषांनी साकारलेले. आणि ते जाड पुठ्ठ्याला घट्ट चिकटलेले होते. चार वर्षांपूर्वी मामांच्या दुकानात त्यानेच ते चिकटवले होते!

"कुण्या गाढवाने चिकटवलंय देव जाणे," ती म्हणाली. "भेटला ना, तर त्यालाच चिकटवीन."

"कशावर?"

"या भिंतीवर!" ती हसली, आणि लगेच गंभीर झाली. "चारला संचालक बाई येणार. कागद फाटला, तर माझी इथली नोकरी गेलीच समजा. ते टोक धरा. तासभर गार पाण्यात आहे, पिठाची खळ सुटली असेल. तीन म्हटलं की हळूच उचलायचं. एक... दोन..."

"थांबा!"

"आता काय?"

"ती खळ नाही. लाकूड जोडायचा सरस आहे. त्याला गरम पाणी लागतं. आत्ता ओढलंत तर सम्राटाचं नाक पुठ्ठ्यावरच राहील."

तिने त्याच्या एप्रनवरील दुकानाचे नाव वाचले. "म्हणजे तुमच्याच दुकानातलं काम! मालकांनी केलं का?"

मालक म्हणजे मामा. 'होय' म्हणणे किती सोपे होते! मामांना कळलेही नसते.

"मामांनी खळच सांगितली होती. मला घाई झाली होती. ते गाढव... मीच."

तिने किटली तापवली, पाणी मनगटावर जोखले, ट्रेमध्ये ओतले. दोघेही पाण्यात हात घालून एकेक टोक धरून उभे राहिले. भिंतीवरचे घड्याळ पावणेचार दाखवीत होते.

"मला थांबवलंत का?" अखेर तिने विचारले. "गप्प बसला असतात, तर ते काम तुमचं हे कुणाला कळलंही नसतं."

"तुमची नोकरी गेली असती..." तो चाचरला. "मग मला हातोडीवाले म्हणून हाक कुणी मारली असती?"

तिचे गाल आरक्त झाले. तेवढ्यात, झोपलेल्या माणसाने श्वास घ्यावा तसा कागद हलकेच वर आला. तिने पुठ्ठा खालून अलगद सरकवून घेतला. सम्राट अखंड होता. एक रेषसुद्धा तुटली नव्हती.

बाहेर संचालक बाईंच्या चपलांचा आवाज जवळ येऊ लागला.

"चित्र सुटलं," तो पुटपुटला. "काढू का हात?"

कोमट पाण्याखाली तिची बोटे त्याच्या बोटांवर अलगद मिटली.

"गाढवांना घाईच फार," ती म्हणाली.