येतो हां, अम्मी

ओट्यावरून वाटी पडली आणि फरशीवर गरगरत, आवाज बारीक करत एकदाची थांबली. भर दुपारी साऱ्या घरात तेवढाच आवाज. मांजर खिडकीतून पसार झालं, पण पलंगावर चार वर्षांची जुई चुळबुळू लागली. केतकीने डाव्या हाताने तिला थोपटायला सुरुवात केली. उजवा हात टॅबच्या पडद्यावरून हलवता येत नव्हता, कारण प्रत्येक वाक्याला सहाच सेकंद मिळत.

"येतो हां, अम्मी." कोणा तरुणाचा आवाज होता, मागे इंजिनाची घरघर. खाली दोन चौकटी होत्या: बोलणारा जवळ येत आहे, बोलणारा दूर जात आहे.

"आई..." जुईने झोपेतच हाक मारली. दोन सेकंद उरले होते. केतकीने पहिली चौकट दाबली. येतो म्हणजे येतो.

पुढचं वाक्य उमटलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की अरे, हा तर निघाला होता! पण मागे जायची सोय नव्हती. असू दे, बाकीचे पडताळणारे बघतील, असं म्हणून ती पुढे सरकली. बाणकोट खाडीच्या मुसलमानांची बोली जाणणारी पडताळणाऱ्यांच्या यादीत ती एकटीच होती, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

चिपळूणमधल्या या दोन खोल्यांतून केतकी ज्या यंत्राला भाषा शिकवत होती, त्याचं नाव 'हेतुमापक'. महासत्तेने गेल्या चार वर्षांत बारा मुस्लिम देशांतल्या आपल्या वकिलाती बंद केल्या होत्या. तिथली भाषा बोलणारे आपलेच अधिकारी तिला नकोसे झाले होते. ते फार समजुतीने बोलतात, असा त्यांच्यावर आक्षेप होता. त्यांच्या जागी यंत्र आलं. आखातात उभ्या असलेल्या आरमाराभोवतीचा प्रत्येक फोन ते ऐकत असे आणि बोलणाऱ्याच्या मनात काय आहे ते टक्क्यांत सांगत असे. केतकीला हे सगळं भरतीच्या वेळी नीट सांगितलं होतं. गैरसमजातून होणारी युद्धं टळतील, असंही सांगितलं होतं. जुई झोपली की तास-दीड तास मिळायचा, त्यात आपण काहीतरी चांगलं करतोय, असं तिला वाटायचं.

संध्याकाळी समोरच्या दारातल्या, मूळ बाणकोट खाडीकाठच्या हमीदाचाची जुईला न्यायला आल्या. त्यांचा मुलगा मुनाफ आखातातल्या एका बंदरात टगवर होता. मोठी जहाजं ओढून धक्क्याला लावायची, हे त्याचं काम.

"आई, मी जाते!" जुई चपला अडकवत ओरडली.

"जाते नाय म्हणायचं गो," चाचींनी तिचा गालगुच्चा घेतला. "येते म्हण. घर ऐकत असतं. जाते म्हटलंस तर त्याला वाटेल, ही काय परत येत नाय."

"घराला कान असतात?"

"तुझ्याहून मोठे! माझा मुनाफ बघ, एवढा घोडा झाला, तरी टगवर चढण्याआधी फोन करतो. येतो हां अम्मी, म्हणतो, आणि मगच दोर सोडतो."

केतकीच्या हातातला चहाचा कप क्षणभर थांबला. मग तिने तो विसळून पालथा घातला. खाडीकाठची पोरं आखातात काय थोडी आहेत?

त्यानंतर वीस दिवसांनी, सकाळी पाळी बदलण्याच्या वेळी, आखातातल्या त्या बंदरातून तीन टग निघाले. बाहेर वाळूत रुतलेलं एक मालवाहू जहाज त्यांना ओढायचं होतं, आणि वाट आरमाराजवळून होती. तिन्ही टगांवर मिळून अकरा कोकणी खलाशी होते. अकराही जणांनी घरी फोन केले. हेतुमापकाला पाव तासात 'येतो' हा शब्द अकरा वेळा ऐकू आला. त्याला शिकवलेला अर्थ: जवळ येत आहे. आरमाराच्या दिशेने तीन होड्या, अकरा माणसं, एकच निरोप. यंत्राने हल्ल्याची शक्यता ब्याण्णव टक्के सांगितली. टग पाण्यावर राहिले नाहीत.

दुपारी महासत्तेच्या प्रवक्त्याने पुरावा म्हणून ध्वनिफीतच ऐकवली. "त्यांचा हेतू त्यांच्याच शब्दांत ऐका," तो म्हणाला. चाची केतकीकडेच टीव्हीसमोर बसल्या होत्या. इंजिनाची घरघर आली, आणि मग: "येतो हां, अम्मी."

चाचींनी केतकीकडे पाहिलं. "ह्यात काय वाईट बोलला गो माझा मुनाफ?"

आठवडा गेला. ते बंदर ज्या देशाचं होतं त्याने सामुद्रधुनी बंद केली, शेजारच्या चार देशांनी महासत्तेची विमानं उतरू देणार नाही असं जाहीर केलं, आणि महासत्तेने आणखी दोन आरमारं पाठवली. चाचींना यातलं काही नको होतं. त्यांना मुनाफ हवा होता, मातीत ठेवायला. पण हल्लेखोरांची प्रेतं परत मिळत नसत.

केतकी हेतुमापक चालवणाऱ्यांना रोज लिहीत राहिली. हा निरोपाचा शब्द आहे, आमच्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत, अशुभ मानतात, चूक माझी आहे, त्याची नाही. तिने माणसाशी बोलायला मागितलं. तसा विभागच नव्हता. नवव्या दिवशी उत्तर आलं: "आपली सूचना तपासली. सदर शब्दाचा अर्थ प्रत्यक्ष घटनेवरून सिद्ध झाला आहे. अचूक पडताळणीबद्दल आभार."

ती ते पुन्हा पुन्हा वाचत बसली. घटना घडली होती म्हणून अर्थ खरा ठरला होता, आणि आता तो कोणालाच पुसता येणार नव्हता.

त्या दुपारी चाची जुईसाठी नारळाची वडी घेऊन आल्या. तेव्हा केतकीने सगळं सांगितलं. पडलेली वाटी, सहा सेकंद, पहिली चौकट. बोलताना तिची नजर त्यांच्या हातातल्या डब्यावरून हलली नाही.

"तुला ठाऊक होतं ना गो?" चाची म्हणाल्या. "आपल्यात काय म्हणतात ते?"

"होतं, चाची."

चाचींनी डबा टेबलावर ठेवला. झाकण नीट लागलंय ना, ते बोटाने चाचपलं. उंबऱ्याशी त्या सवयीने वळल्या, ओठ उघडले, "ये..." एवढंच आलं. त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि त्या समोरच्या दारात शिरल्या. कडी लागल्याचा आवाज आला.

जुई वडी हातात धरून सगळं पाहत होती.

"आई, चाची काहीच का नाही म्हणाल्या?"

केतकीने तिला जवळ ओढलं. जुईने तिच्या मांडीवर बसून बंद दाराकडे पाहिलं, मग टेबलावरच्या काळ्या पडद्याकडे. तिने आवाज अगदी खाली आणला, कोणी ऐकू नये म्हणून.

"उद्या शाळेला निघताना मी काय म्हणू गं?"